जकाट कोन्या गावचा?

माझे वडील तालुक्याच्या गावी जकात नाक्यावर कारकून होते. त्यामुळे उन्हाळ्याच्या सुट्टीत पहिल्यांदा आंधळगावला मामाकडे गेलो आणि सकाळी सकाळी मामाला "अवो, जकाट अटकला!" असं मामीला ओरडून सांगताना ऐकलं, तेव्हा मला एकदम घरच्यासारखं वाटलं. जकात अडकणं हा आमच्याकडचा रोजचाच विषय होता.

आंधळगाव हे भंडारा जिल्ह्यातलं, मोहाडी तालुक्यातलं कोष्ट्यांचं गाव. नावावरून लोक काहीबाही विनोद करतात. कोशाचा तुटलेला धागा मला चष्मा लावूनही दिसत नाही. तोच धागा इथल्या म्हाताऱ्या तिन्हीसांजेच्या उजेडात नुसत्या बोटांनी हुडकून चिमटीत गाठ मारून मोकळ्या होतात. एवढं सांगून मी तो विषय मिटवतो.

मामाचा माग ओसरीतल्या खड्ड्यावर होता. खड्ड्यात पाय सोडून मामा बसला की तो अर्धा घरात आणि अर्धा जमिनीत असे. मागाच्या डोक्यावर, थेट आढ्याखाली, एक सांगाडा बसवलेला. त्याच्या पोटातून दोऱ्यांचा जटाभार खाली आलेला आणि बाजूनं भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची लांबलचक माळ लोंबत असे. मामानं पाय दाबला की वर 'खटाक्' व्हायचं, एक पुठ्ठा पुढं सरकायचा, काही धागे उचलले जायचे आणि धोटा सुर्रकन पलीकडे जायचा. सांगाड्याला म्हणत जकाट आणि पुठ्ठ्यांना म्हणत पत्ते. जकात आणि पत्ते! दुपारच्या वेळी वडिलांच्या नाक्यावर तरी दुसरं काय चालायचं? मामाचं घर म्हणजे जकात खात्याची शाखा आहे, याबद्दल माझ्या मनात शंका उरली नाही.

"मामाजी, यात राजा कुठला?" मी विचारलं.

"ह्याच्यात राजा-रानी नाई, बापा. निस्ते भोकं हायेत."

त्या भोकांचंच सगळं राज्य होतं. पत्त्यात जिथं भोक असेल तिथं सुई आत शिरते, तिचा आकडा वर जातो आणि त्याला बांधलेले ताण्याचे धागे उचलले जातात. भोक नसेल तिथं सुई मागं ढकलली जाते आणि धागा खाली बसून राहतो. एका पत्त्याला एक धोटा. शेवटचा पत्ता झाला की माळ फिरून पहिला पत्ता पुन्हा हजर. अशा रीतीनं मामाच्या कोशाच्या साडीच्या काठावर दर वितीला एक मोर उगवायचा, आणि तो मोर सगळाच्या सगळा त्या पुठ्ठ्यांत आधीच दडून बसलेला असायचा.

एका दुपारी मामा बाजाराला गेला होता. वडील नाक्यावर पावती फाडली की तिची स्थळप्रत टेबलावरच्या उभ्या खिळ्यात खच्चकन टोचून ठेवत; मला त्या आवाजाचं फार वेड. मी ओसरीतला एक खिळा घेतला, माळेतला एक पत्ता निवडला आणि मोरांची जकात भरून घेतली. खच्च्. भोक नेमकं सुईच्या जागी पडलं.

मामाच्या ध्यानात येईतो दीड हात विणून झालं होतं. प्रत्येक मोराच्या चोचीखाली एक जास्तीचा ठिपका. मोरानं दाणा उचलला आणि गिळायचा राहून गेला, तसा. मामानं हात उगारला. तो हात तसाच हवेत थांबला, कारण आमच्या भागात मामानं भाच्याला मारायचं नसतं. उलट मामाच भाच्याच्या पाया पडतो. मी तेव्हा आठ वर्षांचा होतो आणि माझ्या पायांना शेण लागलेलं होतं, तरी कायदा तो कायदा. मामानं हात खाली आणला, लांब श्वास घेतला, माझ्या पायाला हात लावून कपाळाला लावला आणि पुन्हा खड्ड्यात उतरला. प्रकरण तिथंच मिटलं अशी माझी चांगली चाळीस-पंचेचाळीस वर्षं समजूत होती.

पुढं कॉम्प्युटरवरचं एक पुस्तक वाचताना पहिल्याच प्रकरणात जकाट भेटला. जोसेफ मारी जाकार, जन्म १७५२, मुक्काम लिऑन, फ्रान्स. यानं १८०४च्या सुमाराला भोकांच्या पत्त्यांवर चालणारा हा सांगाडा तयार केला. त्याचे पत्ते पाहून चार्ल्स बॅबेजला गणित करणाऱ्या यंत्राची वाट दिसली, आणि १८९०ची अमेरिकेची जनगणना भोकं पाडलेल्या कार्डांवरच मोजली गेली. इंग्रजांनी जाकारचा जॅकार्ड केला, आमच्या आळीनं जॅकार्डचा जकाट. मी पुस्तक मिटलं आणि गाडी धरून आंधळगाव गाठलं. असल्या बातम्या फोनवर सांगायच्या नसतात.

"मामाजी, जकाट हे एका माणसाचं नाव आहे."

मामानं धोटा थांबवला नाही. "कोन्या गावचा?"

"फ्रान्समधल्या लिऑनचा. बाप विणकर होता त्याचा."

धोटा थांबला. "मंग आपलाच मानूस न! असं सांगा न, भाचेबुवा. जमीनजुमला?"

"बापाचं घर, माग, सगळं मिळालं होतं. कर्जात गेलं."

"अगदीच आपला," मामा म्हणाला. त्याला आता जाकारची ओढच लागली. मी सांगितलं की त्याचा माग बघायला १८०५ साली खुद्द नेपोलियन आला. यंत्र सगळ्यांसाठी खुलं झालं आणि जाकारला वर्षाला ३००० फ्रँकचं पेन्शन बांधून दिलं.

"पेन्शन भेटलं?"

"भेटलं."

"मंग आपला नाई."

यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. सारवासारव म्हणून मी लिऑनच्या विणकरांची गोष्ट सांगितली: या यंत्रामुळे आपल्या पोटावर पाय येणार म्हणून त्यांनी जाकारचे माग मोडले, त्यालाही धरून झोडपायला उठले. मामा मान हलवत राहिला. पोरंबाळं किती, असं त्यानं विचारलं. एकुलता एक मुलगा होता, फ्रान्समध्ये राज्यक्रांतीची धामधूम चालली होती त्या काळात लढाईत गेला, असं मी म्हटलं. मामानं मागाच्या खांबाला हात लावला, तो कपाळाला लावला, आणि बराच वेळ दोघंही काही बोललो नाही.

या गोष्टीला बरीच वर्षं झाली. मामा आता ऐंशीच्या घरात आहे. गेल्या मे महिन्यात गेलो तेव्हा जकाटाचा विषय पुन्हा निघाला. मी जरा फुशारकीनं म्हणालो की जकाट हा काही एकटा नाही; गावात अशी कितीतरी मेलेली माणसं शब्दांमध्ये बसून आहेत. मामानं ते झटकून टाकलं. "धा बी नाई निंगनार."

"डझन काढतो. जेवण उरकायच्या आत."

पैज एका खर्ऱ्यावर लागली. जकाट धरायचा नाही, देव आणि पुराणातले धरायचे नाहीत (नाहीतर नारद, शकुनी, कुंभकर्ण, भगीरथ एवढ्यातच मी पैज मारली असती), आणि माणूस खरोखर होऊन गेलेला, खरोखर मेलेला हवा. मी खिशातून वही काढली.

मामा बाहेर जायला तयार झाला आणि उंबरठ्यातच दोन गडी बाद झाले. अंगात नेहरू शर्ट, डोक्यावर गांधी टोपी. अर्धा माणूस दोन पुढाऱ्यांनी व्यापलेला. धोतर तेवढं अपक्ष. गांधीजींनी स्वतः १९२१ साली मदुराईला टोपी-सदरा सोडला तो कायमचा. ज्याच्या नावाची टोपी त्याच्या डोक्यावर ती दोन-तीन वर्षं टिकली असेल-नसेल, आणि आमचा मामा मात्र साठ वर्षं घालतोय.

बाहेर पडलो तर शेजारी ओरडला, "ओल्टेज नाई जी आज, पंप उचलून नाई रायला." हा तिसरा. इटलीच्या आलेस्सांद्रो व्होल्टानं १८०० साली विजेचा घट बनवला. त्याचं नाव आमच्याकडं ज्या दिवशी तो नसतो त्याच दिवशी घेतलं जातं. पुरेसं व्होल्टेज असताना त्याची आठवण काढणारा माणूस मी पाहिलेला नाही. शेजाऱ्यानं तक्रार संपवता संपवता जुनं डिझेलचं इंजन बाहेर काढलं, म्हणजे चौथाही तिथंच मिळाला. रुडॉल्फ डिझेल २९ सप्टेंबर १९१३च्या रात्री बोटीनं इंग्लंडला निघाला आणि सकाळी खोलीत नव्हता. पुढं समुद्रात त्याचं प्रेत सापडलं. रात्रीतून बोटीवरून डिझेल नाहीसा झाला, हे ऐकून शेजाऱ्याला काही विशेष वाटलं नाही. त्याचं ट्रॅक्टर घरासमोर उभं असतं, तिथूनही होतं.

पुढचा गडी रस्त्यावर पडलेला सापडला. शब्दशः. हा रस्ता कुठला ते मी सांगणार नाही. ज्यांनी केला त्यांना माहीत आहे आणि ज्यांना माहीत नाही त्यांनी त्यावरून सायकल चालवू नये. खेड्यात लहान पोरालाही 'डब्ल्यूबीएम' ठाऊक असतं: डब्ल्यूबीएम मंजूर झाला, डब्ल्यूबीएम झाला, आता डांबर कधी पडते बघू. यातला शेवटचा 'एम' म्हणजे जॉन लाउडन मॅकॅडम हा स्कॉटिश माणूस. खडी फोडावी ती सहा औंसांच्या, म्हणजे साधारण १७० ग्रॅमच्या वर जाऊ देऊ नये, असा याचा दंडक. वजनकाटा जवळ नसेल तर खडा तोंडात मावतो का ते बघावं, असंही सांगत. मी हे सांगत असताना मामा एका गोट्यापाशी थांबला. गोटा पाच किलोचा असावा. मामानं त्याच्याकडं पाहिलं, मग माझ्या तोंडाकडं पाहिलं.

"त्याह्यचं तोंड मोठं असंल," तो म्हणाला.

पानठेल्यावर पोरगा खर्रा घोटत होता. ज्यांनी विदर्भ पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो: सुपारीचा चुरा, तंबाखू आणि चुना पन्नीत घ्यायचा, पन्नी फळीवर ताणून धरायची आणि तळव्याच्या गादीनं घासत राहायचं, पन्नी तापते, आतला ऐवज ओलसर काळपट होतो आणि घोटणाऱ्याची नजर दूर कुठंतरी ऋषीसारखी लागलेली असते. या समाधीला कारण झालेला गृहस्थ म्हणजे झाँ निको. हा लिस्बनला फ्रान्सचा वकील होता आणि १५६०च्या सुमाराला त्यानं तंबाखू औषध म्हणून फ्रान्सच्या राजघराण्याकडं पाठवली. त्याचं नाव लागलं निकोटिनला. आमच्या ठेल्यावर मात्र निकोचं नाव कुणी घेत नाही. ते डॉक्टरच घेतात, आणि ते ऐकल्यावर माणूस आधी एक खर्रा खातो. मामानं आक्षेप घेतला की ठेल्यावर ज्याचं नाव नाही तो कसा धरायचा. मी पुडीवरचं छापील बारीक अक्षर वाचून दाखवायचा प्रस्ताव मांडला. खर्ऱ्याच्या पुडीवर काही छापलेलं नसतं. तरी घोटणाऱ्या पोरानं "दवाखान्यात मले निकोटिन म्हनलं होते" अशी साक्ष दिली आणि सहावा मंजूर झाला.

ठेल्याच्या बाकावर ग्रामपंचायतीच्या निवडणुकीची चर्चा चालली होती. तिथं उभं राहून पाच मिनिटंही झाली नसतील, तोच एकाच्या तोंडून "आपल्याच पॅनलमधी सूर्याजी पिसाळ निंगला न" हे वाक्य पडलं. मी वही उघडली. १६८९ साली रायगड मोगलांच्या हाती गेला. त्यात पिसाळांचा दोष किती, यावर अभ्यासकांचे अजून वाद आहेत, म्हणून पैजेच्या आकड्यात मी तो धरला नाही. पण वाद माणसाबद्दल असतात. शब्दाबद्दल कुणी वाद घालत नाही. आज मराठी मुलखात एकही पॅनल असं पडत नाही की ज्यात एक सूर्याजी निघत नाही. शब्द होणं म्हणजे विनाअपिलाची शिक्षा, असं मला त्या बाकाशेजारी वाटून गेलं.

आणि एकदा असं वाटलं की वाटतच राहतं. इंग्रजीत माणसाचा शब्द झाला तर बरेचदा यंत्र निघतं, एकक निघतं, निदान सँडविच निघतं. आपल्याकडं निघतात सूर्याजी पिसाळ आणि घाशीराम कोतवाल. पुण्याच्या लोकांनी घाशीरामाला १७९१ साली दगडांनी मारलं, तरी तो अजून दर महिन्याला कुठल्यातरी अग्रलेखात जिवंत होतो. मग चांगली माणसं गेली कुठं? माझं उत्तर असं आहे: चांगल्या माणसाला आपण शब्द होऊच देत नाही. त्याच्या नावाच्या आधी श्री किंवा श्रीमंत लावतो, मागं राव, पंत, जी, महाराज जोडतो, पुढं जयंती आणि मागं पुण्यतिथी बांधतो. एवढा लवाजमा घेऊन नाव जिभेवरून घसरणार कसं? शब्द व्हायचं तर नाव बोडकं लागतं आणि त्याचा उच्चार बिघडवायची लोकांना मुभा लागते. आदरानं घेतलेल्या नावाचा फार तर चौक होतो.

मामाला हा सिद्धांत पटला नाही. त्यानं हेमाडपंत पुढं केला, म्हणजे मी विचारायच्या आधी सातवा गडी त्यानंच मला देऊन टाकला. यादवांच्या दरबारातला तेराव्या शतकातला मंत्री, हेमाद्री पंडित. चुन्याशिवाय दगडावर दगड बसवून बांधलेली देवळं त्याच्या नावावर, मोडी लिपी त्याच्या नावावर, बाजरीसुद्धा लोक त्याच्याच नावावर टाकतात. आमच्याकडं तर कुठल्याही गावात काळा दगड आणि आत अंधार असला की देऊळ 'हेमाडपंथी'. अंबरनाथचं देऊळ १०६० सालचं, म्हणजे हेमाद्रीच्या आधी दोनशे वर्षं, तेही हेमाडपंती. जन्माच्या आधी दोनशे वर्षं काम करणारा हा एकमेव सरकारी माणूस. त्याच्या नावात 'पंत' आहे, तेव्हा माझा सिद्धांत पडला, असं मामानं बजावलं. मी म्हटलं, मंत्र्याला अपवाद असतो.

तिथून आम्ही तांदळाच्या दुकानात गेलो. भंडारा हा धानाचा जिल्हा. इथं तांदूळ म्हणून कुणी तांदूळ मागत नाही, नावानं मागतो. चिन्नोर, एचएमटी, जय श्रीराम. होय, हे तांदळाचं नाव आहे. दुकानात शिरताना मी सवयीनं "जय श्रीराम" म्हणालो तर दुकानदारानं मान वर न करता विचारलं, "जुना का नवा?"

मामीनं डीआरके सांगितला होता. मी दुकानदाराला विचारलं, डीआरके म्हणजे काय हो? तो म्हणाला, कोणत्यातरी संशोधन केंद्राचं नाव असेल, दिल्लीकडचं. हे ऐकून मामा काउंटरवर हात ठेवून उभा राहिला, आणि पहिल्यांदाच त्या दिवशी त्यानं मला नाही, दुकानदाराला सांगितलं.

डीआरके म्हणजे दादाजी रामाजी खोब्रागडे. दिल्ली नाही, चंद्रपूर जिल्हा, नागभीड तालुका, गाव नांदेड. तिसरीपर्यंत शिकलेला, जेमतेम दीड एकराचा शेतकरी. १९८३ साली याला आपल्या बांधीत पटेल-३ धानामध्ये काही लोंब्या निराळ्या दिसल्या. त्यानं त्या वेगळ्या ठेवल्या, पेरल्या, पुन्हा निवडल्या, पुन्हा पेरल्या. त्यातून जो बारीक तांदूळ आला त्याला नाव काय द्यायचं? तेव्हा एचएमटी घड्याळाची चलती होती; व्यापाऱ्यानं तांदळाला घड्याळाचं नाव देऊन टाकलं. माणसानं धान शोधलं आणि नाव लागलं घड्याळाचं! पुढं एका वाणाला त्यानं स्वतःची तीन अक्षरं दिली. घड्याळं केव्हाच मनगटांवरून उतरली, एचएमटी अजून शिजतोय. दादाजी जून २०१८मध्ये गेले.

"तुमी त्याह्यलेच पायलीनं मोजून रायले," मामा दुकानदाराला म्हणाला. दुकानदारानं काटा शून्यावर आणला आणि डीआरके भरताना एक मूठ जास्त टाकली. ती दादाजींसाठी की मामाच्या आवाजासाठी, ते कळलं नाही. आठवा मी वहीत लिहिला. तीन अक्षरांत नाही, पुरं नाव लिहिलं. मग मामानं उधारीचं विचारलं, तर दुकानदार हसून म्हणाला, "विश्वास तर पानिपतात गेला न, मामाजी." विश्वासराव १७६१ साली पानिपतावर पडले हे खरं, पण ही म्हण झाली, शब्द नाही, मी प्रामाणिकपणे सोडून दिली. रोख पैसे मात्र मला द्यावे लागले.

नऊ, दहा, अकरा, बारा राहिले होते आणि घर आलं होतं. मामाच्या चेहऱ्यावर खर्रा जिंकल्याची कळा दिसायला लागली. तेवढ्यात त्याला दिसलं की मामीनं गॅसची शेगडी परसाकडच्या खोलीतून पुन्हा पुढच्या खोलीत आणली आहे. महिन्यापूर्वीच ती पुढून मागं गेली होती.

"हा काय तुघलकी कारभार होय?" मामा म्हणाला.

मी वहीकडं झेपावलो. महंमद तुघलक, १३२७ साली राजधानी दिल्लीहून आपल्या देवगिरीला हलवणारा आणि नंतर परत नेणारा. नऊ.

"अन् तुमची नादिरशाही?" मामी म्हणाली. "घरात पाय ठेवला नाई तं हुकूम सुरू!"

नादिरशहा, दिल्लीची कत्तल, १७३९. दहा. मामाच्या लक्षात आलं की आपण बोललो तर हरतो, आणि तो एकदम गप्प झाला. पन्नास-पंचावन्न वर्षांच्या संसारात मामीनं हे पहिल्यांदाच पाहिलं असावं. ती मला बाजूला घेऊन म्हणाली, त्याह्यची तब्येत बरी हाय न?

मी अकराव्यासाठी सांबार पुढं केला. पुण्याच्या एका हॉटेलात शेजारच्या टेबलावरून मला फुकट मिळालेली माहिती अशी की, तंजावरच्या भोसल्यांच्या मुदपाकखान्यात एकदा आमसुलं नव्हती, म्हणून आमटीत चिंच घातली. पाहुणे होते संभाजी महाराज, म्हणून ते सांबार. गोष्ट गोड आहे. तिला अस्सल कागदाचा आधार कुणी दाखवलेला नाही. पण मी ती पूर्ण रंगवून सांगितली. मामी हातात जुडी घेऊन ऐकत होती. आमच्याकडं सांबार म्हणजे कोथिंबीर. तिची वडी होते, तिची आमटी होत नाही.

मामीनं जुडीकडं पाहिलं. "ह्या सांबाराले महाराजांचं नाव?" तिच्या आवाजात इतका धाक होता की मी तो दावा तिथल्या तिथं मागं घेतला. तिनं जुडी पाण्यानं धुतली, नेहमीपेक्षा जरा जपूनच, आणि चिरायला घेतली.

शेवटी मला वाचवलं मी नागपूरहून आणलेल्या पेटीनं. पानात आमरस आला. "हापूस!" मी ओरडलो. अफोन्सो द अल्बुकर्क, पोर्तुगीजांचा गव्हर्नर, १५१० साली गोवा जिंकला. त्या अफोन्सोचं आधी अल्फान्सो झालं, मग अफूस, मग हापूस. एवढं मोठं आरमार घेऊन आलेला माणूस; आम्ही त्याला पिळून वाटीत काढला आणि वर तूप सोडलं. अकरा. पण बारावा काही सापडेना. मामी भात वाढत होती, मामा दुसरी वाटी संपवत होता आणि माझ्या डोळ्यांसमोर खर्ऱ्याचे पैसे तरळत होते. पंखा हळू झाला. वर लटकलेला दिवा मिणमिणला.

"किती वॅटचा आहे हो हा?" मी विचारलं.

"नऊ व्याटचा," मामा म्हणाला आणि त्यानं स्वतःच्याच कपाळावर हात मारला. जेम्स वॅट. बारा. मामानं मला जिंकवलं होतं आणि तेही तोंडात आमरस असताना.

हात धुऊन मी ओसरीत आलो. मामा आता रोज मागावर बसत नाही. बारावी झालेली एक पोरगी आळीतून येते, कांड्या भरते आणि हल्ली माग शिकते. नवीन काठ चढवला होता. मोर नव्हता, कोयरी होती. मी वाकून काठावर बोट ठेवलं.

"हात नका लावू जी, काकाजी," ती म्हणाली. "त्याच्यात भाचा हाय."

"काय आहे?"

"भाचा." तिनं कोयरीच्या टोकाशी एक जास्तीचा ठिपका दाखवला. मग एक वीत पुढची कोयरी, तिच्या टोकाशीही तोच. "धोट्याची चूक येगडी आन् भाच्याची येगडी. धोट्याची एकडाव होते न जाते. पत्त्यातच भोक जास्तीचं पडलं असंल तं मंग तेच ते पुन्ना पुन्ना येते. त्याले भाचा म्हनते."

"कोण म्हणतं?"

"सारेच म्हनते जी. पुरी आळी म्हनते. पलीकडच्या आळीत बी म्हनते." मग माझ्या चेहऱ्याकडं पाहून, मला कापडातलं काही कळत नाही हे ओळखून, ती समजुतीच्या सुरात म्हणाली, "तो फ्रान्सचा शब्द असंल. जकाट तिकडचाच न, आजोबा सांगत होते."

मी वळून पाहिलं. मामा उंबरठ्यात बसला होता. हरलेला खर्रा त्यानं मला देण्याआधी स्वतःच तोंडात टाकला होता, त्यामुळं त्याला बोलता येत नव्हतं. नुसते खांदे हलत होते. मी वही उघडली आणि तेरा हा आकडा घातला. पुढं नाव लिहावं की नाही, ते काही ठरेना. पैज मेलेल्या माणसांची होती.